गरोदरपणातल्या पूरक गोळ्या आणि आईची प्रतिकारशक्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवस गेल्याचं कळलं की घरात दोन गोष्टी सुरू होतात: सल्ले आणि गोळ्या. त्यात गेल्या काही वर्षांत 'इम्युनिटी' या शब्दाची भर पडली आहे. पावडर, काढा, चघळायच्या गोळ्या, सगळ्यांवर हा शब्द दिसतो. बायकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. तुमच्या डॉक्टरांना तुमचे रिपोर्ट माहीत असतात, त्यामुळे डोस त्यांच्याशी बोलूनच ठरवा.

गरोदरपणात प्रतिकारशक्ती कमी होते, हे खरं का?

सरसकट कमी होत नाही, तिची काम करण्याची पद्धत बदलते. बाळाचा निम्मा वारसा वडिलांकडून आलेला असतो, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने ते अर्धं परकंच. तरीही त्याला नऊ महिने सांभाळायचं असतं. म्हणून गर्भ रुजताना प्रतिकारयंत्रणा जोरात असते, मधल्या महिन्यांत ती शांत होते आणि बाळंतपण जवळ आलं की पुन्हा जागी होते.

काही आजार मात्र गरोदर बाईला इतरांपेक्षा जास्त त्रास देतात. फ्लू, मलेरिया आणि आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्यासारखी हिपॅटायटिस ई ही कावीळ. दूषित पाण्यातून होणारी ही कावीळ एरवी बहुतेकांची आपोआप बरी होते. पण शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर शंभरातल्या वीसेक बायका दगावल्याच्या नोंदी भारतातल्या रुग्णालयांत आहेत. त्यावर कुठलीही गोळी कामाची नाही. पाणी उकळून पिणं, उघड्यावरचा उसाचा रस आणि पाणीपुरी टाळणं, हाच बचाव. प्रतिकारशक्तीसाठी काय करू, असं कुणी विचारलं तर पावसाळ्यात माझं पहिलं उत्तर उकळलेलं पाणी हेच असतं.

मग पूरक गोळ्यांचा उपयोग काय?

कमतरता भरून काढणं. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी झपाट्याने वाढाव्या लागतात आणि त्यासाठी लोह, फोलेट (गोळीत ते फॉलिक अॅसिड म्हणून असतं), बी-१२, झिंक, प्रथिनं लागतात. यातलं काही कमी पडलं की लढाई कमजोर होते. ते भरून निघालं की यंत्रणा आपली ताकद परत मिळवते. पण गरजेपेक्षा जास्त दिल्याने ती आणखी तगडी होत नाही. 'इम्युनिटी बूस्टर' विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

कमतरता आपल्याकडे खूप आहे, हेही तितकंच खरं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. अशक्त आईला संसर्ग पेलत नाही आणि बाळंतपणातला रक्तस्रावही सोसत नाही.

नेमक्या कोणत्या गोळ्या आणि कोणत्या महिन्यात?

सरकारी कार्यक्रमाप्रमाणे क्रम असा आहे. पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, ज्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. ती किमान १८० दिवस घ्यायची आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, तीही बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. पहिले तीन महिने उलटल्यावर जंताची, म्हणजे अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी.

हे सगळं उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. नाव नोंदवलं की आशाताई घरी आणूनही देतात. फुकट आहे म्हणून हलकी असेल, असं अनेक घरांत समजतात आणि ती पाकिटं कपाटात पडून राहतात. हे बघून फार वाईट वाटतं. महागड्या गोळीतलं लोह आणि या गोळीतलं लोह रक्तात जाऊन एकच काम करतं.

फॉलिक अॅसिड दिवस जाण्याआधीच का सुरू करायचं?

बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतात ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. तेव्हा अनेकींना पाळी चुकल्याचंही नीट कळलेलं नसतं. त्या काळात फोलेट कमी असेल तर नळी उघडी राहण्याचा धोका असतो. पूर्वी असा दोष असलेलं बाळ झालेल्या मातांवर अनेक देशांत मिळून केलेली चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात फॉलिक अॅसिडने पुढच्या बाळातला हा दोष ७२ टक्क्यांनी घटला. म्हणून मूल हवं असं ठरलं की निदान महिनाभर आधी गोळी सुरू करावी. आधीच्या बाळाला असा दोष असेल, आईला मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डोस बराच मोठा लागतो, तो डॉक्टरच ठरवतात.

या गोळीची गोष्ट आपल्या मुंबईतून सुरू होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. ल्युसी विल्स या इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना होणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत राहून शोध घेतला. त्या बायका काय खातात हे बारकाईने पाहिलं, आणि यीस्टपासून बनवलेल्या 'मार्माइट' या स्वस्त पदार्थाने हा रक्तक्षय बरा होतो हे १९३१ मध्ये मांडलं. त्यातलं गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढण्यात आलं. आज जगभर गरोदर बायका जी गोळी घेतात तिच्यामागे मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांचं आजारपण आहे.

लोहाच्या गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं. बंद करू का?

बंद करू नका. शौचाचा काळा रंग म्हणजे न शोषलेलं लोह, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभराने, झोपताना घेऊन बघा. बद्धकोष्ठ होत असेल तर पाणी, पालेभाज्या आणि थोडं चालणं वाढवा. तरीही सोसत नसेल तर डॉक्टर वेगळ्या प्रकारची गोळी देतात.

गोळीच्या मागेपुढे तासभर चहा-कॉफी नको. चहातली टॅनिन्स लोहाला धरून ठेवतात. आपल्याकडे जेवण झालं की लगेच चहा घ्यायची सवय आहे, ती या नऊ महिन्यांपुरती तरी सोडा. उलट लिंबूपाणी, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. मटकीला मोड आणले, भाजीवर लिंबू पिळलं, तरी ताटातलं लोह जास्त अंगी लागतं.

आणि हो, या गोळीने बाळ काळं होत नाही. केशराने गोरंही होत नाही. रंग आईवडिलांच्या जनुकांतून येतो. या एका समजापायी गोळी टाकून देणाऱ्या मुली आजही भेटतात.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर चालतं?

नाही. दोघं एकमेकांच्या आड येतात, निदान दोन तासांचं अंतर हवं. सोपं वेळापत्रक असं: सकाळच्या नाश्त्यानंतर कॅल्शियम, दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम, झोपताना लोह. कॅल्शियम उपाशीपोटी घेऊ नये.

कॅल्शियम फक्त हाडांसाठी असतं असं वाटतं, पण आहारात ते कमी असलेल्या बायकांमध्ये गरोदरपणातला घातक रक्तदाब, म्हणजे प्रीएक्लाम्प्सिया, टाळायला ते मदत करतं. किती घ्यावं यावर बंगळुरू आणि टांझानियात प्रत्येकी ११ हजार बायकांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले: हा त्रास टाळण्यात रोजचे ५०० मिलिग्रॅम १५०० पेक्षा कमी पडले नाहीत. त्यामुळे मोठा डोस झेपत नाही म्हणून सगळंच सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा, कमी करता येतो.

आम्ही शाकाहारी आहोत. आणखी काही लागतं का?

बी-१२. या उत्तरावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण हा प्रश्न आपल्या घरातला आहे आणि सरकारी लाल गोळीत बी-१२ नसतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांच्या मुलांचाही पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. जवळजवळ दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होतं. फोलेटची कमतरता मात्र क्वचित होती. मुलं सहा वर्षांची झाल्यावर असं दिसलं की ज्यांच्या आईच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्या मुलांत इन्सुलिन नीट काम न करण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. मधुमेहाच्या दिशेने जाणारी ती पहिली पायरी. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ फॉलिक अॅसिड घेऊ नका असा मुळीच नाही. बाळाच्या मणक्यासाठी ते हवंच. पण गरज नसताना पाच-पाच मिलिग्रॅमची गोळी नऊ महिने चालू ठेवायची आणि बी-१२ कडे बघायचंच नाही, हे चुकीचं आहे. फॉलिक अॅसिडमुळे रक्त सुधारलेलं दिसतं आणि आत बी-१२ च्या कमतरतेने नसांचं नुकसान चालूच राहतं. हातापायाला मुंग्या, सतत तोंड येणं, जीभ लाल होणं, विसरभोळेपणा ही चिन्हं असतील तर तपासणी करून घ्या.

दूध, दही, ताक, पनीर यांत बी-१२ असतं, अंडी, मासे, मटण यांत चांगलं असतं. भाजीत, कडधान्यांत नसतं. चहात घातलेलं दोन चमचे दूध हिशेबात धरू नका. दूधही पुरेसं घेतलं जात नसेल तर पहिल्या भेटीतच डॉक्टरांना बी-१२ बद्दल विचारा.

व्हिटॅमिन सी, झिंक आणि डी: 'इम्युनिटी' म्हणून घेऊ का?

आपल्या मनाने नको.

क आणि ई जीवनसत्त्वांचे मोठे डोस गरोदरपणात देऊन पाहिले गेले आहेत. ब्रिटनमध्ये २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई दिलं. प्रीएक्लाम्प्सिया टळला नाही, उलट कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. एका आवळ्यात किंवा पेरूत दिवसाची गरज भागते, तेवढं बस्स. झिंक सरसकट द्यावं असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही.

'डी'चं थोडं वेगळं आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, ऊन न लागणाऱ्या शहरी बायकांमध्ये ते बरेचदा कमी निघतं. कमी निघालं तर भरून काढायचं, हे बरोबर. पण मैत्रिणीने घेतली म्हणून ६० हजार युनिटची सॅशे दर आठवड्याला सुरू करणं धोक्याचं आहे. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. आणि सरकारी कॅल्शियमच्या गोळीत ते थोडं आधीच असतं.

मल्टिव्हिटॅमिन घेतलं तर बाकी गोळ्या बंद करता येतील?

लेबल वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. बाजारातल्या बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह खूप कमी असतं. पंधरा सूक्ष्म घटकांची जी आंतरराष्ट्रीय गोळी आहे तिच्यातही लोह ३० मिलिग्रॅमच असतं. आपल्याकडे रक्तक्षय इतका आहे की ६० मिलिग्रॅमची गोळी सोडून तिच्यावर जाताना डॉक्टरांचा सल्ला हवाच.

उलटा धोका दुप्पट होण्याचा आहे. एका गोळीत अ जीवनसत्त्व, दुसऱ्या 'इम्युनिटी' गोळीत अ जीवनसत्त्व, वर कॉडलिव्हर तेलाच्या कॅप्सूल. रेटिनॉलच्या रूपातलं अ रोज १० हजार युनिटच्या पुढे गेलं तर बाळात जन्मजात दोष होऊ शकतो. त्याच कारणाने कलेजीही वारंवार खाऊ नये. गाजर, भोपळा, पालक यांतून मिळणाऱ्या 'अ'ला ही भीती नाही, ते हवं तितकं खा.

बाटलीवर औषधाचा परवाना आहे की नुसता अन्न परवाना, हेही बघा. फूड सप्लिमेंट म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

हळदीचं दूध, काढा, गुळवेल, अश्वगंधा?

स्वयंपाकातली हळद, आलं, तुळशीची चार पानं, लसूण यांना काही हरकत नाही. प्रश्न येतो तो अर्क आणि कॅप्सूलचा, कारण तिथे मात्रा कित्येक पटींनी वाढते. कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीच्या अर्काच्या गोळ्या गरोदरपणात नकोत. अश्वगंधा नको. ज्येष्ठमध रोज चघळणं किंवा काढ्यात भरपूर घालणं टाळा, फिनलंडमध्ये तर गरोदर बायकांना ते टाळण्याचा अधिकृत सल्ला आहे.

गुळवेलीबद्दल बोललेलं काहींना आवडत नाही, पण बोलायला हवं. कोरोनाच्या काळात घरोघरी तिचा काढा झाला. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या यकृताला गुळवेल घेतल्यानंतर इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली. वाद मिटायचा तेव्हा मिटेल, पोटातल्या बाळावर तो तपासून बघण्याचं कारण नाही.

अळीव बाळंतिणीसाठी ठेवा, गरोदरपणात नको, हे आजीचं सांगणं पाळायला हरकत नाही. डिंकाचे लाडू चालतील, फक्त साखर वाढलेली असेल तर जपून.

प्रोटीन पावडर लागतेच का?

बहुतेकींना नाही. शेवटच्या तिमाहीत दिवसाला साधारण २२ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. एक वाटी घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, एक अंडं आणि पेलाभर दूध यात ती भागतात. पावडरच्या डब्यात अनेकदा साखरच जास्त असते. उलट्यांमुळे काहीच पोटात राहत नसेल, वजन वाढत नसेल, तर डॉक्टर सांगतील ती घ्या.

मासे आणि ओमेगा-३?

मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा, तारली. मोरी-मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळा, त्यांत पारा साठतो. २०१८ मध्ये ७० चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यांत ओमेगा-३ घेणाऱ्यांची ३७ आठवड्यांआधी होणारी बाळंतपणं सुमारे ११ टक्क्यांनी कमी दिसली. जवस आणि अक्रोड चांगलेच, पण त्यांतलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं आणि शरीर त्यातलं फार थोडं बाळाच्या मेंदूला लागणाऱ्या डीएचएमध्ये बदलतं. शाकाहारी बायकांसाठी शेवाळापासून केलेलं डीएचए मिळतं.

मला माती, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. हे डोहाळे आहेत का?

डोहाळे म्हणून हसण्यावारी नेऊ नका. ही इच्छा अनेकदा लोहाच्या कमतरतेची खूण असते. मातीतून जंत आणि शिसं पोटात जातं, लोह आणखी कमी होतं. लाजू नका, आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आमच्याकडे सिकल सेल आहे. लोह घ्यावं का?

सिकल सेल म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत, तसंच नंदुरबारमध्ये हा प्रश्न खरा आहे. सिकल सेलच्या रुग्ण असलेल्या बाईच्या शरीरात, विशेषतः वारंवार रक्त चढवलं असेल तर, लोह आधीच साठलेलं असू शकतं. म्हणून आधी तपासणी, मग लोह. फॉलिक अॅसिड मात्र त्यांना इतरांपेक्षा जास्त लागतं. फक्त वाहक असाल, म्हणजे आजार नसून त्याचं जनुक तेवढं अंगात असेल, तर लोह कमी असताना गोळी चालते. नवऱ्याची तपासणीही याच वेळी करून घ्या.

माझी प्रतिकारशक्ती बाळाला मिळते का?

मिळते, आणि कोणत्याही पावडरपेक्षा ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आईच्या रक्तातली आयजीजी प्रतिपिंडं, म्हणजे संसर्गाशी लढणारी प्रथिनं, नाळेतून बाळात जातात, सर्वांत जास्त शेवटच्या तिमाहीत. म्हणून तेव्हा घेतलेली लस दोघांच्या कामी येते. धनुर्वात आणि घटसर्पाची टीडी लस सरकारी केंद्रात मिळते. अशा लसीकरणामुळे आणि सुरक्षित बाळंतपणांमुळे २०१५ मध्ये भारत माता व नवजात धनुर्वाताच्या समस्येतून मुक्त ठरला. फ्लूची लस आणि २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान डांग्या खोकल्याचा अंश असलेली टीडॅप, याबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा.

जन्मानंतरचं पहिलं पिवळसर घट्ट दूध फेकू नका. त्यात आयजीए ही प्रतिपिंडं भरपूर असतात. मध, गुटी, साखरेचं पाणी काहीही आधी नको.

आम्ही परदेशात राहतो. काही वेगळं?

ब्रिटनमध्ये सर्व गरोदर बायकांना रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व सुचवलं जातं. सावळ्या त्वचेच्या, ऊन कमी मिळणाऱ्या आपल्या बायकांनी ते टाळू नये. गावाहून येताना आणलेल्या भस्म-रसायनांच्या पुड्या मात्र घेऊ नका. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ या काळात भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधं घेतलेल्या सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिशाचं प्रमाण धोकादायक निघालं होतं. शिसं नाळ ओलांडून बाळापर्यंत जातं.

पुढच्या वर्षी मूल हवं आहे. आतापासून काय करू?

हाच प्रश्न सर्वांत वेळेवरचा. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बायकांना दिवस जाण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, ज्यांनी तो किमान तीन महिने आधीपासून खाल्ला त्यांच्या बाळांचं वजन जास्त होतं, आणि हा खाऊ खाणाऱ्या बायकांत गरोदरपणातला मधुमेहही कमी आढळला. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर तपासून घ्या, फॉलिक अॅसिड सुरू करा आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर ते डॉक्टरांना लगेच सांगा.

गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, आता काय?

११ च्या खाली रक्त कमी, ७ च्या खाली गंभीर. महिनाभर नीट गोळ्या घेऊन साधारण एक ग्रॅमने तरी वाढायला हवं. वाढलं नाही तर आधी प्रामाणिक हिशेब करा: गोळी रोज घेतली का, चहा किंवा कॅल्शियमबरोबर घेतली का, जंताची गोळी झाली का. मग बी-१२ आणि थॅलेसेमियाच्या वाहकतेची तपासणी. गोळी लागू पडत नसेल आणि बाळंतपण जवळ आलं असेल तर शिरेतून लोह देता येतं. ते पहिल्या तिमाहीनंतर आणि रुग्णालयातच देतात. ७ च्या खाली असेल तर घरी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी माता-बाल संरक्षण कार्ड आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पावडरींसकट, पिशवीत घालून घेऊन जा.